हौसाचा राब

राब भाजण्यात हौसाचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते हौसालाच. शेण, पातेरा, पेंढा अंथरून रोपांची जमीन भाजून काढायची, म्हणजे तणाचं बी जळतं आणि आवण, म्हणजे लावणीची रोपं, जोमात वर येतात. पनवेलच्या खाडीकाठी हौसाच्या आवणीचं कौतुक व्हायचं आणि ती ते नाक वर करून ऐकायची.

साठ सालच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ तुळशीराम रंगाच्या नव्या कारखान्यात झाडलोटीला लागला. एकदा तो सहज बोलून गेला, "पावडरीच्या फाटक्या गोण्या मागं टाकतात ना, तितं गवताची काडी उगवत नाय."

हौसाचे डोळे चमकले. राबाला याहून आणखी काय पाहिजे? धाकटी जाऊ गोदू तिथंच बसली होती. तीही म्हणाली, "मला बी दोन आण रं." पण हौसाने भावाला दटावून झाडून साऱ्या गोण्या आपल्याच दारात उतरवून घेतल्या. तळाशी चिकटलेल्या पिवळ्या पावडरीसकट त्या राबावर पसरल्या आणि पेटवून दिल्या. गोदूने बोलणं टाकलं. हौसाला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

पेरण्या झाल्या. गोदूच्या वाफ्यात हिरवं दिसू लागलं. हौसाच्या वाफ्यात तण उगवलं नाही हे खरं, पण भातही उगवलं नाही. चुकार कोंब आले तेही पिवळे पडून माना टाकून बसले. माती उकरली तर आत गांडूळसुद्धा नाही. पुन्हा पेरायला बी नव्हतं, वेळही नव्हता. आवण नाही तर लावणी नाही, मग वर्षभर पेजेला तांदूळ कुठून आणायचा? नवरा नुसता बांधावर बसून राहिला. हौसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावची रीत अशी, की आवण विकायची नाही, उरली तर मागेल त्याला द्यायची. पण मागायला तोंड पाहिजे. आणि उरली होती फक्त गोदूकडे.

लावणीच्या सकाळी हौसा तिच्या बांधावर जाऊन उभी राहिली. गोदू ओणवी होऊन आवण उपटत होती.

"गोदू, माजी आवण गेली गो," हौसा म्हणाली.

"दिसतंय. तण मारायला गेलीस. भात बी गवतच ना, बाय?"

हौसाला हसावं की रडावं कळेना. तिने मान खाली घातली. गोदूने कंबर सरळ केली, जुड्यांचा भारा तिच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "उचल. पुढल्या वर्षी माज्या वाफ्याला लागून भाज राब. तुज्या त्या जळक्या जागंला कुंपण घाल, नायतर गुरं जायाची."

हौसाचे डोळे भरून आले. भारा घेऊन ती आपल्या शेतात आली, तर मागोमाग गोदूही पदर खोचून चिखलात उतरली. दोघींनी अर्धं शेत लावून काढलं.

"गोण्यांचा राग गेला का गो?" हौसाने शेवटी विचारलं.

"राग कसला?" गोदू रोप रोवत म्हणाली. "एक जरी मला दिली असतीस, तर आज आपण दोघी लोकांच्या बांधावर उभ्या असतो."