काटा अडकला होता

तळहातावर मावेल एवढी काचेची तबकडी, तिच्यात एक काटा आणि मागे हातभर रबरी नळी, एवढाच माझा देह. मित्रांनो, पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत किती हवा उरली आहे हे सांगणारा मी एक जुना मापक आहे. टाकी रिकामी झाली की माझा काटा शून्यावर यायला हवा. तेवढे एक काम मला चुकता कामा नये.

कारखान्यातून मी थेट समुद्रकाठच्या एका दुकानात आलो. सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन शार्क दाखवायचे, हा तिथला धंदा. तिथे दोन भावंडे कामाला होती. थोरली बहीण टाक्यांत हवा भरायची आणि दिवस मावळायच्या आत आम्हा सगळ्यांना गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगायची. धाकटा भाऊ पाहुण्यांबरोबर पाण्यात उतरायचा. सगळे त्याला पाणमांजर म्हणत. पाहुणा घाबरला की तो त्याचा हात धरून माझ्याकडे बोट दाखवी. पाहुण्याचा जीव भांड्यात पडे. त्या दिवसांत माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

मग गर्दी वाढली. फेरीवर फेरी निघू लागली. धुणे राहू लागले, वार्षिक तपासणी दोनदा टळली. खारे पाणी माझ्या आत शिरले आणि गंज चढला.

एका सकाळी बहिणीने मला मालकासमोर धरले. “हा खोटं बोलतोय. टाकी रिकामी आहे, तरी काटा पाव टाकीवर उभा. आधी बदला.”

“नवे पुढच्या आठवड्यात येतायत. पाहुणे डॉक्टर उद्या परत जाणार. त्यांची एवढी एक फेरी होऊ दे,” मालक म्हणाला.

“आण इकडे,” भाऊ म्हणाला. “पाहुण्याला चांगला दे. मला माझी हवा कळते गं ताई.”

“कळते म्हणे! माशाच्या पोटचा का तू?” ती चिडली. पण शेवटी तिनेच मला त्याच्या टाकीला जोडले.

पाहुणे दातांचे डॉक्टर होते. “माणसांचे दात खूप बघितले, आता यांचे बघू,” असे म्हणत ते कॅमेरा घेऊन उतरले. शार्क आले. ते शांतपणे फेऱ्या घालत होते. डॉक्टर फोटोच्या नादात त्यांच्या मागे खोल खोल जात राहिले. पाणमांजराने त्यांना जिवाच्या आकांताने गाठले आणि वर ढकलले. त्या धडपडीत त्याची हवा भराभर संपली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, पाव टाकी आहे. तो सावकाश वर निघाला. दोन श्वास मिळाले, तिसरा मिळाला नाही. डॉक्टर तोवर दूर वर गेले होते. त्याने हातपाय मारले, आणि मग हातपाय थांबले. शार्क लांबून वळले आणि निघून गेले.

नावाड्याने त्याला बाहेर काढले. “खाली शार्क होते हो, शार्क!” डॉक्टर म्हणाले. झाले! दुपारपर्यंत किनाऱ्यावर एकच बोलणे, शार्कने माणूस मारला. मालकाने सगळे ऐकले आणि तोंडाला कुलूप लावले. मच्छीमारांनी गळ टाकून सात शार्क धक्क्यावर ओढून आणले. लोक त्यांना लाथा मारत होते.

गर्दीतून बहीण पुढे आली. तिने भावाच्या अंगावरची चादर बाजूला केली. “दाखवा. कुठं लागलाय दात? एक ओरखडा तरी दाखवा.” मग तिने त्याची टाकी उघडली. फुस्ससुद्धा झाले नाही. तिने मला वर धरले. काटा पावावर होता.

“मी सांगणारच होतो,” मालक पुटपुटला.

“कधी? समुद्र रिकामा झाल्यावर?”

अधिकाऱ्यांनी दुकानाला सील ठोकले. एका हंगामानंतर मालकाने दुसऱ्या किनाऱ्यावर नवी पाटी लावली. बहीण आता एका हॉटेलात चादरी धुते. मी एका कचेरीच्या खणात, नंबराच्या चिठ्ठीसह पडून आहे. त्या सात शार्कची मात्र कुठेच नोंद झाली नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना आपणहून ‘मला वापरू नका’ असे म्हणता येत नाही. म्हणून आमच्या वतीने कोणी ते म्हणाले, तर त्याच क्षणी काम थांबवा. पाहुणा रागावला तर रागावू द्या, फेरी चुकली तर चुकू द्या. त्या सकाळी एवढे झाले असते, तर पाणमांजर आजही ताईशी भांडत असता.