उपडा कप

"यावर तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही," थर्मास टेबलावर आपटत अबू रिबही म्हणाले, "पण आमच्या कफ्र लूझा गावच्या एका गाढवानं इंग्रज साहेबाला जमिनीची मोजणी शिकवली!"

मग त्यांनी कोटाच्या खिशातून बिनकानाचे दोन चिमुकले कप काढले. एक स्वतःपुढे सुलटा ठेवला, दुसरा थोरल्या बहिणीपुढे, नझीराबाईंपुढे, उपडा. दर खेपेला हे असंच. कॉफी कुणालाच मिळायची नाही.

सुमेधाने चित्रांची कार्डं पुन्हा नीट लावली. सफरचंद, किल्ली, चमचा. समोर नझीराबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बर्फाचे काळपट ढीग साचले होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा परत आणणं हे सुमेधाचं काम. पण तेव्हापासून बाईंनी एक शब्द उच्चारला नव्हता, आणि प्रगती नाही तर विमा नाही. आजचं सेशन शेवटचं. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी रीमा त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवणार होती. ती दाराशी कोट न काढताच बसली होती.

"काका, प्लीज," सुमेधा म्हणाली. "आज मला काम करू द्या."

पहिल्या दिवशी तिनं त्यांना मिस्टर म्हटलं होतं, तर म्हातारा रुसला होता. तुमच्या नागपूरकडे म्हाताऱ्यांना काय म्हणतात, हे विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून काकाच झाला.

"मी कुठे अडवतोय? तू चमचा दाखव, मी गाढव दाखवतो."

ते एक वाक्य अरबीत बहिणीला सांगायचे आणि तेच इंग्रजीत सुमेधाला. साहेबानं साखळी लावून डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं मोजायला घेतली. गाढव आडवं पडलं. साखळी पुढे जाईना. का? तर 'कोल्ह्याची उडी' हे शेत संपून 'विधवेचा तुकडा' तिथे सुरू होत होता, आणि ते साहेबाला ठाऊक नव्हतं. गाढवाला ठाऊक होतं.

"मागच्या वेळी गाढव पांढरं होतं," सुमेधा म्हणाली. "आज काळं कसं?"

"तो त्याचा भाऊ."

"आणि त्याआधी खेचर होतं."

"ते सासरकडचं."

दाराशी रीमा नाइलाजाने हसली. सुमेधाने उपड्या कपाकडे बोट केलं. "पकडलं ना मी खोटं? मग कॉफी द्या."

हा नियम त्यांनीच तिला सांगितला होता. ऑलिव्हची तोड संपली की गावातले लोक पाहुण्यांच्या खोलीत शेगडीभोवती जमायचे. एकानं थापा मारायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या. जो थाप पकडेल त्याला थापाड्यानं स्वतःच्या हातानं कॉफी ओतून द्यायची.

"तू पकडून चालत नाही, पोरी," म्हातारा म्हणाला. "तू तिथं नव्हतीस."

एवढं बोलून त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि थांबले. सुमेधाच्या आता लक्षात आलं, हा माणूस प्रत्येक थापेनंतर असाच थांबतो. दाद मिळवायला थांबतात तसं नव्हे. दार वाजवून आत कुणी हललं का, याचा कानोसा घ्यावा तसं.

तिनं कार्डं गोळा केली आणि बाजूला ठेवली.

"काका, तुम्ही सगळे तिथून केव्हा निघालात?"

"निघालो कुठे? गावच उठून इकडे आलं." ते हसले, मग हसू थोडं ओसरलं. तुर्क गेले, इंग्रज आले, मग जॉर्डन, मग इस्रायल. मोजणारे बदलले, शेतांची नावं तीच राहिली. आता वरची शेतं तारेच्या कुंपणापलीकडे आहेत, आणि गावात उरली नसतील एवढी माणसं शिकागोच्या आसपास. इथल्या लग्नात अजून विचारतात, पोरगी कुठल्या शेताकडची? "ही नझीरा 'कोल्ह्याच्या उडी'ची. तिथं चौदा झाडं होती."

"बारा," रीमा म्हणाली. "आई बारा सांगायची."

म्हाताऱ्याने तिला डोळ्यांनी दटावलं. मग खुर्ची पुढे ओढून तो बहिणीच्या अगदी समोर बसला.

"आणि हेही ऐक. आमच्या नझीरासारखी झाडं झोडपणारी बाई पंचक्रोशीत नव्हती! काठी घेतली की धपाधप. फळं, पानं, कोवळ्या फांद्या, सगळं खाली. बाबा म्हणायचे, पोरीनं झाडाचं हाड शिल्लक ठेवलं नाही!"

"मामा!" रीमा उठून उभी राहिली. "असं काय बोलता तिच्याबद्दल?"

"का, काय झालं?" सुमेधाने हळूच विचारलं.

"आमच्या घरात झाडाला काठी लावत नाहीत, फळं हातानं ओरपून काढतात. फांदी मोडली की पुढच्या वर्षीचं पीक गेलं. आईला तर कुणी..."

म्हातारा थांबला होता. या वेळी त्याची बोटं थर्मासच्या झाकणावर होती.

नझीराबाईंची नजर खिडकीतून आत आली. डावा हात मांडीवरून उठला. बोटं अर्धवट मिटली आणि हवेतल्या कुठल्याशा फांदीवरून हळूहळू खाली ओघळली, शेळीची धार काढावी तशी. एकदा. पुन्हा एकदा. मग तोच हात भावाच्या छातीवर येऊन थांबला आणि ओठ हलले. आवाज गंजलेल्या कडीसारखा होता. आधी एकच शब्द आला. मग श्वास घेऊन आणखी काही.

सुमेधाला अरबी येत नव्हती. तिनं रीमाकडे पाहिलं. रीमाने तोंडावरचा हात काढला.

"ती म्हणतेय, खोटारडा. काठी तू मारायचास." ती टेबलाजवळ आली. "म्हणतेय, ओत आता."