सात नंबरच्या बाई

विद्यापीठात ‘तंत्रज्ञान आणि समाज’ या विषयावर दर बुधवारी चर्चासत्र होई. त्या बुधवारी ज्येष्ठांच्या मुलाखतींवरचा निबंध वाचायची पाळी भाचीची होती, आणि ती नको नको म्हणत असतानाही तिची आत्या मागच्या बाकावर येऊन बसली होती.

भाची पडद्यावरचा तक्ता दाखवत म्हणाली, “सात नंबरच्या बाई, वय एकाहत्तर. तंत्रज्ञानाच्या भीतीपोटी व्हिडिओ कॉल घेत नाहीत.”

“सात नंबर म्हणजे मीच की,” आत्या मागून म्हणाली. “आणि भीती कसली आलीय? व्हिडिओत दिसतं गं, तू ‘हो का, हो का’ म्हणत दुसरंच काहीतरी टाईप करत असतेस. साध्या फोनवर निदान मनाची समजूत तरी घालता येते.”

खोलीत हशा पिकला. भाचीचे कान लाल झाले.

“मग मुलाखतीत का नाही सांगितलंस?”

“तेव्हाही तू टाईपच करत होतीस.”

मार्गदर्शक बाईंनी हसू दाबत आत्याला पुढच्या रांगेत बोलावलं. भाचीने लॅपटॉप मिटला, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणाली, “सांग आता, पहिल्यापासून.” आत्या ऐसपैस सावरून बसली, आणि सत्राची वेळ संपली तरी तिची गाडी काही थांबेना.