साडेतीन किलोच्या आत

"तीन किलो नऊशे वीस," फरशीला गाल टेकवून मी आकडा वाचला.

"म्हणजे अजून चारशे वीस काढायचे," हे म्हणाले आणि दोन्ही हातांनी कॅमेरा काट्यावरून उचलू लागले. मी हात पुढे केला, तर नजरेनंच नको म्हणाले. कॅमेरा चादरीवर जाईपर्यंत माझा श्वास छातीतच राहिला. सकाळपासून सहाव्यांदा.

काटा माझा. मी मेतकूट आणि पापड करून विकते, त्याची पाकिटं त्यावर तोलते. कॅमेरा ठेवला की आकड्यांची जागा त्याच्याखाली झाकून जायची. फरशीवर आडवं झाल्याशिवाय काही दिसत नसे. तो कलंडू नये म्हणून हे दोन्ही बाजूंनी, न शिवता, हात धरून बसलेले. त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडं आलं.

ह्यांचं नाव घ्यायचं तर रेणुकादास. नांदेडात अठ्ठावीस वर्षं लग्नाचं शूटिंग करतात. खांद्यावर घ्यायच्या अवजड कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. हजारभर लग्नं तरी झाली असतील. मंगलाष्टकं चालू असताना सगळे नवरानवरीकडं बघतात. हे त्या गर्दीत कधी खुर्चीवर, कधी भिंतीला पाठ लावून उभे, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी. कुणाच्या घरातल्या कुठल्याच कॅसेटवर ह्यांचं नाव नाही.

चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे घरीच होते. काल राघवेंद्र आला. तो मूळ इथल्याच लोहा गावचा, आता हैदराबादच्या एका कंपनीत जाहिरातींच्या शूटिंगची व्यवस्था बघतो. काळी पेटी उघडून त्यानं सिनेमाचा डिजिटल कॅमेरा दाखवला. ह्यांनी आधी धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि मग त्याला हात लावला.

काम असं होतं. एक मुलगी हातात निरांजन घेऊन नदीच्या घाटाच्या पायऱ्या चढणार, आणि तिच्यासमोर कॅमेरावाल्यानं उलट्या पावली त्या पायऱ्या चढत जायचं. चाळीस पायऱ्या, मध्ये न थांबता. कॅमेरा स्टॅबिलायझरवर, म्हणजे हातात धरायच्या एका दांड्यावर. त्यातल्या मोटरी कॅमेऱ्याला हलू देत नाहीत, भरला तांब्या न हिंदकळता न्यावा तसं चित्र येतं. पण तो दांडा फक्त साडेतीन किलो पेलतो. वजन त्याच्यावर गेलं की मोटरी कण्हायला लागतात आणि चित्र थरथरतं. कॅमेरा तर सगळ्या सामानासकट सहा किलोच्या वर. राघवेंद्र म्हणाला, काका, साडेतीनच्या आत आणलात तर शूटिंग तुमचंच आणि जाहिरात नेटवर टाकताना खाली नावही येईल. नाही जमलं तर उद्या पाचच्या आत कळवा, हैदराबादहून मोठं मशीन घेऊन दुसरा माणूस येईल.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. नांदेडात कुणालाच माहीत नव्हती.

आषाढात ह्यांच्या छातीत दुखलं. इथल्या दवाखान्यात नेऊ दिलं नाही. लातूरला माझी नणंद उज्वला असते, तिच्याकडं गेलो आणि तिथं स्टेंट बसवला. शेजाऱ्यांना सांगितलं, भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. कॅमेरावाल्याचं हृदय बिघडलं असं कळलं की मार्गशीर्षात कोण बोलावणार, असं ह्यांचं म्हणणं. निघताना डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने दोन किलोच्या वरचं काही उचलायचं नाही. अजून दोन महिनेही झाले नव्हते.

त्याच दिवशी घरी येऊन मी रेणुकामातेपुढं बसले. रोजच्या वाती, रोजचा जप आहेच. त्यात एक नेम वाढवला. कार्तिकी एकादशीपर्यंत खोटं बोलणार नाही, चेष्टेतही नाही. शेजारणींना साखरपुड्याचं सांगायची वेळ आली की मी आत निघून जायची, ते सांगायचं काम ह्यांचं. आई, एवढं मी पाळते, ह्यांना सांभाळ. माझ्याजवळ द्यायला दुसरं होतं तरी काय?

आता चादरीवर कॅमेरा उघडा पडला होता. वरचं हँडल निघालं, बाजूची मूठ निघाली, लेन्सवर ऊन पडू नये म्हणून पुढं लावलेला डबा निघाला, छोटा टीव्ही निघाला. ह्यांनी प्रत्येक स्क्रू वाटीत ठेवला. मग मागची मोठी बॅटरी काढून लांब वायर जोडली आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवून दाखवली.

मी हळूच म्हणाले, "कॅमेऱ्याचं उतरलं. तुमच्या अंगावर चढलं की हो."

"कमरेला काय होत नाही गं."

"आणि तो दांडा? तो बी दीड किलो हाय म्हणले राघवेंद्र. डॉक्टर म्हणले होते..."

"डॉक्टरनं असा कॅमेरा हातात घेतलाय का कधी? तू आकडा वाच. तेवढंच काम तुझं."

मी वाचला. तीन किलो सहाशे दहा. साडेतीन आणि दीड, पाच किलो. ते दोन्ही हात पुढं ताणून धरायचे आणि उलट्या पावली चाळीस पायऱ्या चढायच्या. मनात जप चालू केला तर तोही पुढं सरकेना. लातूरच्या दवाखान्यातली हिरवी चादर डोळ्यांपुढं येत राहिली.

ह्यांनी मोठी लेन्स काढून बुटकी लावली. ओठ मिटून, देवाचा टाक घासावा तशी हलक्या हातानं. मग कॅमेरा काट्यावर ठेवला. मी आडवी झाले.

तीन किलो चारशे चाळीस.

लाल आकडे एकदा लुकलुकले आणि तिथंच थांबले. वर ह्यांचे तळहात दिसत होते, दोन्हीकडून न शिवता धरलेले. खरं सांगितलं तर उद्या घाट. खोटं सांगितलं तर नेम मोडला, आणि नेम तर ह्यांच्याच जिवासाठी केलेला. मोडल्याचं कुणाला लागायचं, मला का ह्यांना? गाल फरशीवरून उचलवेना.

"काय म्हणतोय?"

"तीन पाचशे साठ," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. हे आणखी शोधायला लागले. पट्टा अडकवायच्या कड्या काढल्या, बाजूची लोखंडी पट्टी काढली, कुणीतरी चिकटवलेली टेपसुद्धा नखानं खरवडली. पुन्हा ठेवला. तीन किलो तीनशे नव्वद.

"तीन पाचशे तीस."

आता ह्यांनी कॅमेरा उचलला तो खाली ठेवलाच नाही. दोन्ही हातांवर घेऊन तसेच बसून राहिले. डोळे मिटले. लग्नाच्या मांडवात कुणी नुसती बॅग हातात दिली तरी आत बॅटरी किती आहेत हे सांगणारा माणूस. हात हळूहळू खालीवर होत होते. मग कोपरापासून बारीक कंप सुटला. तो थांबवायला ह्यांनी कोपरं पोटाशी घेतली, तरी थांबला नाही.

डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"पाचशे तीस?"

"हाव," मी म्हणाले. नजर खाली गेली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ह्यांनी कॅमेरा चादरीवर ठेवला. कपाळ पुसलं. फोन लावला. "राघवेंद्र, वजन बसून नाही राहिलं बाबा. तीन पाचशे तीसच्या खाली येतच नाही. सगळं काढून पाह्यलं. हाव, काट्यावर. आमच्या घरचा काटा चुकत नाही." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. हे नुसतं हूं हूं करत राहिले. शेवटी म्हणाले, त्या माणसाला सांग, घाटाच्या वरल्या पायऱ्या निसरड्या हायत, उलटं चढताना डावीकडून चढ म्हणावं.

मला रडू आलं नाही. देवघराकडं बघायचं धाडस मात्र झालं नाही.

मग आम्ही कॅमेरा पुन्हा जोडायला घेतला. मी वाटीतून एकेक स्क्रू द्यायची, हे पिळून बसवायचे. पट्टी, कड्या, लेन्स, टीव्ही, मूठ, हँडल. बॅटरी लागली तेव्हा तो आला होता तसा झाला, सहा किलोच्या वर.

पेटी उघडी होती. मी नेहमीसारखी बाजूला सरकले. हे भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर उपडे.

"तू ठेव," म्हणाले. "मला उचलायचं न्हाई म्हणलंय डॉक्टरनं."

मी दोन्ही हात खाली घातले. इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. हे उठले, पेटीपाशी आले आणि तिचं झाकण माझ्यासाठी धरून उभे राहिले.