मांडीचा आधार

लोकांची घरं हलवण्यात त्याची उभी हयात गेली. कपाटं, पलंग, फ्रिज, एकदा तर अख्खा पियानो. जिना चढताना बायको वरच्या बाजूला, पाठमोरी, आणि तो खालून भार पेलत. दम लागला की तो वजन क्षणभर मांडीवर टेकवायचा आणि पकड बदलायचा. या धंद्यात सगळेच तसं करतात. ती मात्र तेवढ्यावरून त्याला फैलावर घ्यायची. म्हणायची, "अहो, मांडीवर घेतलंयत, आता अंगाई पण म्हणा."

ती गेली आणि गिऱ्हाईकं फोनवर आधी हळहळायची, मग विचारायची, सोबत कोण आहे? एकटाच आहे म्हटलं की आवाज उतरायचा. राहू द्या, तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही. सांत्वनाला आलेले नातेवाईकही फिरून फिरून तिथेच यायचे. मुलीने तर व्हॅन विकून आमच्याकडे राहायला या, असं सांगून टाकलं.

तो कुणाशी भांडला नाही. कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत जाऊन नाव घातलं. दोघांनी मिळून उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे एका सोनाराची तिजोरी, एकशे ऐंशी किलोची. तेवढं वजन एकट्याने उचलायचं, आणि तेही चार लोकांसमोर, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

ट्रेनर मुलीच्याच वयाची. ती सतत ओरडायची, "काका, मांडी!" कारण स्पर्धेत वजनं लावलेला दांडा जमिनीवरून एका दमात वर यावा लागतो, वाटेत मांडीला टेकवला की उचल बाद. त्याने कष्टाने ती सवय मोडली होती. निदान त्याला तसं वाटत होतं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला होता. पहिल्या संधीला एकशे पन्नास. सहज येणारं वजन. पण समोर माणसं बघून अंग जुन्या वळणावर गेलं. दांडा गुडघ्यांच्या वर आला आणि त्याच्या नकळत मांडीवर विसावला. तिन्ही पंचांचे लाल दिवे लागले.

ट्रेनरने त्याला बाजूला घेऊन समजावलं. संधी तीनच, तिन्ही वाया गेल्या तर नावापुढे आकडाच लागणार नाही. तेव्हा पुन्हा एकशे पन्नासच घेऊ, आधी काहीतरी पदरात पडू दे.

"एकशे ऐंशी लाव," तो म्हणाला.

 त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघून ट्रेनर निमूटपणे आकडा सांगायला गेली.

दुसऱ्या संधीला वजन गुडघ्यांपर्यंत आलं आणि अडलं. मांडी पुढे सरकायला लागली. त्याने ती मागे ओढली आणि दांडा खाली ठेवून दिला. टेकू घेऊन वर जाण्यापेक्षा हे बरं.

मुलगी खुर्च्यांमधून वाट काढत आली. पुरे झालं, कंबर धरली तर कोण बघणार, असं बरंच बोलली. शेवटी म्हणाली, "बाबा, आईला हे आवडलं नसतं."

"तिला बऱ्याच गोष्टी आवडायच्या नाहीत. मरणं त्यातलंच एक. तिला कुणी विचारलं?"

मुलीने तोंड फिरवलं. त्याने हाताला खडूची पूड चोळली. तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण हात पांढरे होते.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं. तो वाकला, दांडा धरला आणि ओढला. वजन जमिनीला चिकटल्यासारखं होतं, मग हललं. नडग्या सोलवटत वर आलं. गुडघ्यांपाशी पुन्हा अडलं. मांडी तयारच होती, चाळीस वर्षांची चाकर. बायको वरच्या पायरीवरून अंगाईचं काय ते म्हणायच्या आत त्याने दात आवळले आणि कंबर पुढे नेली. दांडा मांडीला घासत गेला, पण टेकला नाही. तो ताठ उभा राहिला.

समोरच्या पंचाने हात खाली केला. "खाली."

त्याने ठेवलं नाही. हॉलमधल्या गिऱ्हाइकासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक तोंडाकडे त्याने नीट बघून घेतलं. बोटं सुटायला आली, तरी बघितलं. मग खालच्या मजल्यावर कुणीतरी दुपारचं झोपलेलं असावं अशा बेताने, आवाज न करता, दांडा जमिनीला लावला. तीन पांढरे दिवे लागले.

मुलगी डोळे पुसत आली. "झालं ना आता समाधान?"

"कुठलं?" धापा टाकत तो म्हणाला. "ती तिजोरी तिसऱ्या मजल्यावर नेली होती आम्ही. इथे जिना कुठे आहे?"