ताईच्या फंक्शनमधलं शून्य

रक्त तपासणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर दोघी बहिणी मिळून सांभाळायच्या. नमुन्यांची नोंद घेणारा भाग थोरलीचा, अहवाल छापणारा धाकटीचा. थोरली जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून घरी बसली, आणि नेमकी तीच वेळ साधून हॉस्पिटलातल्या यंत्राने मान टाकली.

"नळ्या भरून तयार आहेत आणि तुमचा प्रोग्रॅम सारखा आडवा पडतोय," लॅबवाल्या बाई फोनवर करवादल्या. "लोक माझ्या नावाने खडे फोडतायत."

"डंप फाइल पाठवा," धाकटी म्हणाली. "कोसळताना मेमरीत काय होतं ते त्यात उतरलेलं असतं. मी रजिस्टरं वाचून बघते."

"रजिस्टर तर इथे टेबलावर आहे. ते कसं पाठवू?"

हसू दाबत धाकटीने सांगितलं, की ही रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेले इवलेसे कप्पे. काम करताना लागतील ते आकडे आणि पत्ते तो त्यात ठेवतो. फाइल आली. तिने ती डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक हुडकायच्या साधनात, उघडली आणि तिचं हसू मावळलं.

प्रोग्रॅम थांबला होता तो नळीवरचं लेबल वाचणाऱ्या एका जुन्यापुराण्या फंक्शनात, म्हणजे एकच काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या छोट्या तुकड्यात. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं ते. त्याच्यावर कोण संशय घेणार? धाकटी एक पायरी वर चढली, त्याला हाक मारणाऱ्या फंक्शनात. ते ताईचं होतं. नमुन्याचा पत्ता ज्या रजिस्टरात असायला हवा, तिथे शून्य होतं. पत्ताच नाही, तर प्रोग्रॅम जाणार कुठे? तोंडावरच पडणार.

पण वरच्याच ओळीत ताईने स्पष्ट लिहिलं होतं: पत्ता शून्य असेल तर इथूनच मागे फिर. मग हे शून्य आत शिरलं कुठून? धाकटीने ओळ पुन्हा वाचली, रजिस्टर पुन्हा पाहिलं. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं आणि दोन्ही डोळ्यांसमोर होतं.

तेवढ्यात साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काय सापडलं?"

"शून्य."

"कुणाच्या फंक्शनात?"

"ताईच्या. पण साहेब, मला अजून..."

"पण-बिण नंतर," म्हणत साहेब निघूनही गेले. थोड्याच वेळात सगळ्या ऑफिसला मेल गेलं, की चूक थोरल्या बाईंच्या निष्काळजीपणाची आहे. धाकटीने मेल वाचलं. शब्द साहेबांचे होते, पण दारूगोळा तिनेच पुरवला होता.

लॅपटॉप काखोटीला मारून ती ताईच्या घरी पोचली. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ताई पलंगावर बसली होती.

"ताई, मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

"आण इकडे." ताईने लॅपटॉपचा पडदा न्याहाळला. "तू आत्ता कुठल्या फंक्शनात आहेस?"

"तुझ्या. एक पायरी वर."

"पायरी तू चढलीस गं, रजिस्टरं नाही चढली. काही रजिस्टरांच्या जुन्या किमती डीबगर शोधून देतो. बाकीची शेवटी होती तशीच दाखवतो. हे शून्य खालच्या फंक्शनातलं आहे, बाई. माझ्या वेळी तिथे काय होतं, ते स्टॅकच्या मेमरीत बघ, प्रत्येक फंक्शन आपलं सामान तिथे ठेवून पुढे जातं."

धाकटीने बघितलं. तिथे धडधाकट पत्ता होता. ताईचा नमुना जागच्या जागी होता. शून्य आलं होतं लेबलाकडून. लेबल पुसट असलं की वाचून शून्यच मिळायचं, आणि ते जुनं फंक्शन हात हलवत परत यायच्या ऐवजी तसंच पुढे घुसायचं. लिहिणारा तर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. दुरुस्ती ओळभराची निघाली. दोघींनी ती तिथेच बसून केली, आणि संध्याकाळच्या आत लॅबवाल्या बाईंचा फोन आला, की यंत्र सुरळीत चाललंय.

आता उरलं होतं ते मेल. धाकटीने मान खाली घातली. "ताई, ऑफिसात तुझ्याबद्दल एक..."

"वाचलं मी. तू यायच्या आधीच."

"आणि काही बोलली नाहीस?"

"तुझा चेहरा बघितला होतास का दारात? आधी यंत्र म्हटलं, मग बाकीचं."

धाकटीने तिथूनच सगळ्यांना लिहिलं, की डंप आपण चुकीचा वाचला आणि ताईच्या कामात खोट नव्हती. साहेबांचं उत्तर आलं, "ठीक." एवढंच. त्यात माफी होती की राग, तिला उमगेना.

पण त्याहून मोठं कोडं शेजारी बसलं होतं. लहानपणी कंगवा हलवला तरी घर डोक्यावर घेणारी ताई आज त्या मेलबद्दल एक शब्दही वाकडा बोलली नव्हती. ती रागावली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"ताई, तू खरंच चिडली नाहीस?"

"चिडलेय की," ताई शांतपणे म्हणाली. "ती उशी जरा वर सरकव."