उसवलेली बाजू

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. माझा रंग विटला आहे, एका बाजूची किनार सुटून लोंबते आहे, आणि मधला लाल तुकडा तर इतका विरला आहे की त्यातून पलीकडचे दिसते. पण मला पाहून नाक मुरडू नका. एके काळी मला पाहायला लोक रांग लावून उभे राहत.

मला आया दोन. एक नर्सबाई. तिचा जन्म इस्पितळात गेला. डॉक्टरांच्या हाती कात्री आणि चिमटे देता देता तिचे केस पांढरे झाले. लग्न तिने केले नव्हते. तिचे घर असे लख्ख की धूळसुद्धा आत येताना पाय पुसून येत असावी. दुसरी बेकरीवाली. नवरा गेल्यावर भट्टी एकटीने सांभाळणारी, अंगाने भक्कम आणि आवाजाने त्याहून भक्कम. तिच्या भुवयांवर कायम पिठाचा थर असे.

दोघींची गाठ कशी पडली हे मी पाहिलेले नाही, कारण तेव्हा मी जन्मायची होते. पण त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की मला ते पाठ झाले आहे. एका शाळेच्या सभागृहात गोधड्यांचे प्रदर्शन भरले होते. एका गोधडीची मागची बाजू पाहायला नर्सबाई वाकली, कारण टाके खरे बोलतात ते मागच्या बाजूने. त्याच वेळी पलीकडून बेकरीवाली हात लावायला वाकली आणि दोघींची डोकी थाडकन आपटली.

“अहो, हात लावू नका! पाटी दिसत नाही का?” नर्सबाई कपाळ चोळत म्हणाली.

“दिसते की,” बेकरीवाली म्हणाली, “पण हात न लावता ऊब कळते का हो?”

मग नर्सबाई बेकरीवालीबरोबर चहा प्यायला गेली, आणि चहा संपेपर्यंत ‘अहो’चे ‘अगं’ झाले.

बेकरी बंद असेल त्या दिवशी बेकरीवाली नर्सबाईकडे येऊ लागली. येताना कापडाच्या तुकड्यांची पिशवी आणि कागदात बांधलेला गरम पाव आणायची. जेवणाच्या मोठ्या टेबलावर त्या दोघी शिवायला बसत. त्या टेबलावरच माझा जन्म झाला. माझ्यात नर्सबाईच्या जुन्या गणवेशाचे पांढरे आणि करडे तुकडे आहेत, तिच्या आईच्या हिरव्या साडीचा पदर आहे, आणि बेकरीवालीच्या नवऱ्याचा लाल सदरा आहे. तो सदरा कापताना तिचा हात थोडा वेळ थांबला होता. माझे अस्तर पिठाच्या पोत्यांचे आहे. धुऊन धुऊन ती पोती सायीसारखी मऊ झाली होती.

दोघींपैकी एकीला टाका येत होता आणि दुसरीला रंग. नर्सबाईचा टाका बारीक आणि सरळ, जणू पट्टीने आखलेला. पण तिच्या हाती तुकडे दिले की ती पांढऱ्याशेजारी करडा ठेवी आणि करड्याशेजारी पुन्हा पांढरा.

“अगं, ही गोधडी आहे की इस्पितळाची भिंत?” असे म्हणून बेकरीवाली मधोमध तो लाल तुकडा ठोकून देई. आणि खरेच सांगते, मित्रांनो, माझ्या अंगात जीव आल्यासारखे वाटे.

“आणि हे तुझे टाके आहेत की वाट चुकलेल्या मुंग्या?” नर्सबाई विचारी.

“मुंग्यासुद्धा शेवटी घरी पोचतात हो!”

अर्धी बाजू एकीने शिवायची आणि अर्धी दुसरीने, असे त्यांचे ठरले होते. त्यामुळे माझी एक बाजू शिस्तीत चाले आणि दुसरी गात गात चाले. मध्येच शिवण बाजूला ठेवून त्या कुठल्या तरी गावचे प्रदर्शन पाहायला जात. बसमध्ये खिडकीची जागा बेकरीवाली पटकावायची, पाण्याची बाटली आणि छत्री नर्सबाईने सांभाळायची. प्रदर्शनात एकजण रंग पाही आणि दुसरी टाके, आणि परत येताना दोघींची मिळून एक गोधडी पाहून झालेली असे. अर्धवट शिवलेली मी टेबलावर त्यांची वाट पाहत बसे. दार उघडताच दोघी एकदम बोलू लागत, आणि मला सगळे कळे.

मी पुरी होत आले तेव्हा नर्सबाईने मला प्रदर्शनात ठेवायचा घाट घातला. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी मला नीट न्याहाळले. रंगांना त्या वाहवा म्हणाल्या. मग चष्मा सावरून म्हणाल्या, “ही एक बाजू मात्र फारच वाकडी आलीय. तेवढी सुधारता आली तर बघा. गोधडी पहिल्या रांगेत लावता येईल.”

नेमकी त्याच वेळी बेकरीवाली लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हाची तिरीप टेबलावर आली असताना, नर्सबाईने टोकदार कात्री घेतली आणि बेकरीवालीचे टाके उसवायला सुरुवात केली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. एकेक टाका कापला जाई, दोरा ओढला जाई, आणि सुईचे भोक तेवढे मागे राही. त्याशेजारून मग तिचा सरळ टाका जाई. नर्सबाईच्या मनात वाईट काही नव्हते. जखम दिसली की ती साफ करायची आणि वर नीट टाके घालायचे, हेच ती जन्मभर करत आली होती. मैत्रिणीचा मान वाढेल, तिला आनंद होईल, असेच तिला वाटत होते. फक्त मैत्रिणीला विचारायचे तिच्या डोक्यात आले नाही.

मला पहिल्या रांगेत लावले, माझ्यावर मानाची निळी फीत टाचली. लोक थांबत, मान डोलवत, पुढे जात. दुपारी बेकरीवाली थेट बसथांब्यावरून आली. नातीच्या जन्माचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ती गर्दीतून वाट काढत, अनोळखी बायांना दंडाला धरून माझ्यासमोर घेऊन आली.

“ही बाजू माझी बरं का! हसायचं असेल तर हसून घ्या, माझे टाके—”

ती थांबली. जवळ आली, वाकली. टाक्यांवरून एक बोट फिरवत गेली. पार टोकापर्यंत गेली.

“माझी बाजू कुठंय?” तिने हळू विचारले.

“अगं, थोडंसं नीट केलं. तू नव्हतीस, वेळ कमी होता...” नर्सबाई म्हणाली.

“नीट झालंय,” बेकरीवाली म्हणाली. “फार नीट झालंय.”

भट्टी लावायची आहे असे सांगून बेकरीवाली निघून गेली. भट्टी त्या दिवशी बंद होती, हे नर्सबाईला माहीत होते आणि मलाही.

त्यानंतर ती आली नाही. नर्सबाई बेकरीच्या रस्त्याने जाई, वळणापर्यंत पोचे आणि परत फिरे. चूक कळली होती, पण जीभ उचलत नव्हती. मला तिने डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवले. मी ऊब द्यायला जन्मलेली, आणि माझ्याखाली एकदाही कुणी निजले नव्हते. वर्षातून एकदा ती मला ऊन दाखवी. तेव्हा ती त्या बाजूवर तळहात ठेवून बसे, ताप बघावा तशी. प्रदर्शनांना ती एकटीच जात राहिली. परत आली की चपला काढता काढता बोलायला लागे, “अगं, ते निळं होतं ना...” आणि मग गप्प होई. पेटीच्या आतून मला ते ऐकू येई. ते निळे पुढे कसे होते, हे मला कधीच कळले नाही.

वर्षे गेली. एकदा पाय दुखत होते म्हणून की काय, नर्सबाई वळणावरून परत फिरली नाही. बेकरीच्या जागी घड्याळांचे दुकान झाले होते.

“बेकरीवाल्या मावशी होय? त्या लेकीकडे गेल्या,” दुकानदार म्हणाला. “दिसेनासं झालं ना त्यांना. भट्टीपाशी कसं जमणार?”

नर्सबाई घरी आली, मला पेटीतून काढले, झटकले, पिशवीत भरले आणि सकाळच्या पहिल्या बसने निघाली. खिडकीची जागा रिकामी होती. तिथे तिने पिशवी ठेवली, आणि मी खिडकीशी बसून गेले.

लेकीने दार उघडले आणि नर्सबाईला ओळखून ती बाजूला झाली. बेकरीवाली आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. किती बारीक झाली होती!

“कोण आहे?” तिने विचारले.

नर्सबाईने मला तिच्या मांडीवर ठेवले. बेकरीवालीचे हात माझ्या अस्तरावरून फिरले.

“माझी पोती,” ती म्हणाली. “आलीस होय तू.”

“मी तुझे टाके उसवले.”

“माहितेय. आंधळी मी आत्ता झाले, तेव्हा नव्हते.” तिला हसू आले, मग ते हसू मावळले. “विचारलं असतंस ना, तर मीच उसवून दिले असते गं. शेजारी बसून. तू विचारलं नाहीस, त्याचंच लागलं.”

“चुकलं माझं. आता घाल पुन्हा. मी सुई ओवून देते.”

“नको. ते गेले. आता नाही यायचे ते.” बेकरीवालीने मला अंगाभोवती ओढून घेतले. मित्रांनो, माझी ऊब पहिल्यांदा कामी आली ती त्या घटकेला. “त्यापेक्षा एवढ्या वर्षांत काय काय पाहिलंस ते सांग.”

नर्सबाई टाक्यांचे सांगू लागली.

“टाके ठेव बाजूला. रंग सांग.”

“एक पिवळी होती.”

“कसली पिवळी?”

“कसली म्हणजे? पिवळी!”

“अगं, लिंबासारखी की गळायला आलेल्या पानासारखी?”

नर्सबाई विचारात पडली. असे तिला कुणी विचारले नव्हते. मग ती म्हणाली, “तुझा पाव भट्टीतून निघायचा ना, त्याच्या पाठीसारखी.”

“हां!” बेकरीवाली म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले. “आता दिसली.”

त्यानंतर त्या पुन्हा प्रदर्शनांना जाऊ लागल्या. मी बेकरीवालीच्या खांद्यावर असे. नर्सबाई तिचा दंड धरून एकेका गोधडीपुढे उभी राही आणि रंग सांगे. आधी अडखळत, मग भरभरून. लोक थांबून ऐकत. पण गमावलेली वर्षे मोठी होती आणि उरलेला काळ थोडा. एका हिवाळ्यात बेकरीवाली आजारी पडली आणि माझ्याच उबेत गेली.

लेकीने माझी घडी करून मला नर्सबाईपुढे धरले. “मावशी, ही तुमची. घेऊन जा.”

नर्सबाईने मला जवळ घेतले, क्षणभर गाल टेकवला आणि परत दिले. “राहू दे. माझ्याकडे ही पेटीत पडेल. तुझ्या पोरीला पांघरायला होईल.” मग ती काठी टेकत बसथांब्याकडे गेली. ती पुन्हा आली नाही. तिचे गुडघे आता प्रवासाला साथ देत नाहीत, असे मी घरात बोलताना ऐकले.

तेव्हापासून मी बेकरीवालीच्या नातीच्या अंगावर असते. ऊब द्यायचे माझे काम चालू आहे, तक्रार नाही. पण दार वाजले की मला वाटते, आता दोघी एकदम बोलू लागतील. त्या उसवलेल्या बाजूला सुईची जुनी भोके अजून आहेत. उजेडासमोर धरलेत तर वेड्यावाकड्या रांगेत दिसतील.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला पेटीत जपू नका, वापरा. वापरून फाटणे आम्हाला आवडते. फाटली तर शिवा. आणि शिवायला बसाल तेव्हा एकटे बसू नका; शेजारी कुणाला तरी बोलवा, दुसरी सुई त्याच्या हाती द्या. त्याचा टाका वाकडा पडला तर पडू द्या.